नऊ एमएम

एकाच आठवड्यात दोघांनी विचारलं,
किती जाड घालू?
सोमवारी तासगाव रस्त्यावरच्या कोल्ड स्टोरेजचे भरतेश उपाध्ये,
गुरुवारी विश्रामबागेतल्या मगदूमबाई.
संक्रांत नुकतीच झालेली.

उपाध्यांकडे बेदाणा आहे.
पंधरा किलोची खोकी, छताला टेकलेली.
आत चार डिग्री, बाहेर दुपार तीसची,
आणि पाइपाशी मी, शिडीवर, तोंडात कटर धरून.

"शिकलगार, पंचवीसमध्ये भागवा की.
पन्नासचं कोटेशन बघून भागीदार चहा सोडून उठले."
मी काही बोललो नाही.
त्यांना मागच्या लाइनीपाशी नेलं.
आधीच्या माणसानं सांधा नुसत्या पट्टीनं मिटवलेला,
आत चिकट भरलाच नव्हता.
नख जाईल एवढी फट.
सुरी फिरवली तर फोमच्या पोटातून बर्फ निघाला,
पिवळट, कडक,
तीन उन्हाळ्यांची दमट हवा थिजलेली.
उपाध्यांनी एक तुकडा हातात घेतला,
वितळेपर्यंत धरून उभे राहिले.
"म्हणजे वीजबिल हे खात होतं?"
हे, आणि त्या वेळचे भागीदार, मी मनात म्हणालो.

पन्नास ठरलं. वरून पत्रा,
प्रत्येक सांध्याला दोनदा चिकट.

मगदूमबाईंनी उलटं धरलं.
"त्या बेदाण्याच्या गोडाऊनला घालता ना, तेच घाला.
सगळ्यात जाड. पैशाचं बघू."
गच्चीवर सोलर, खाली मागचं न्हाणीघर,
मधला पाइप बेचाळीस फूट. मी पावलांनी मोजला, मग टेपनं.
आधीचा पांढरा फोम उन्हानं भुगा झालेला,
बोट लावलं की पिठासारखा झडायचा.

मी विचारलं, इतकं जाड कशाला?
बाईंनी न्हाणीघराचं दार उघडून दाखवलं.
स्टीलची खुर्ची, भिंतीला धरायचा दांडा.
"अर्धांग झाल्यापासून ह्यांना गारठा सोसत नाही.
सकाळी गरम यायच्या आधी दोन बादल्या गार येतं.
ते कढीपत्त्याला घालते.
तोवर हे बसून राहतात, टॉवेल पांघरून.
कढीपत्ता बघा कसा माजलाय."

कुपवाडला ज्यांच्या हाताखाली शिकलो ते नलवडेमिस्त्री म्हणायचे,
मालकाला नंतर विचार, आधी पाइपाला विचार.
मी पाइपावर हात ठेवला.
रात्रभर उभं राहिलेलं पाणी.
त्याला गोधडीवर गोधडी घातली
तरी पहाटेपर्यंत ते गारच होणार.
फोम ऊब करत नाही, बाई,
आहे ती जरा सावकाश जाऊ देतो.
अन् तुमची बारा तास उभी असते.

खरं तर जाड विकून मोकळा झालो असतो.
त्या महिन्यात गाडीचा हप्ता राहिला होता.

पाइप काढला. एक इंचाचा पाऊण इंच केला,
म्हणजे पोटात पाणीच कमी मावेल.
वळसा तोडून सरळ जिन्याच्या भिंतीवरून उतरवला,
बेचाळीसचे एकोणीस फूट.
वर काळं रबर, नऊ एमएम,
गच्चीवरच्या तुकड्याला तेरा, आणि उन्हासाठी पत्र्याचं आवरण.
घराला एवढं पुरतं.
"एवढंसंच?" बाई म्हणाल्या,
चिमटीत दाबून बघत राहिल्या, फसवल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी सहाला फोन.
"अर्धी बादली."
नमस्कार नाही, नाव नाही. मग ठेवला.

हिशोबाला गेलो तेव्हा मगदूमसर अंगणात वॉकर धरून उभे.
डावा मुठीतून सटकत होता, स्टील गुळगुळीत,
सकाळचं गार.
गाडीत वीतभर रबर उरलेलं.
उभा छेद न देता दोन तुकडे केले,
आत साबणाचं पाणी लावून ताणून चढवले.
सरांनी डाव्या हातानं दाबून पाहिलं.
ओठ हलले, शब्द आला नाही,
तरी मूठ मिटली.

बाई आतून पैसे मोजत विचारत होत्या,
आणि त्याचे किती?
मी कढीपत्त्याच्या चार काड्या मागितल्या.
आता त्याला पाणी निम्म्यानं कमी,
पुढच्या उन्हाळ्यात टिकतोय की नाही बघायचं.